पाचव्या वळणावरचा ‘टक्’

उस्तादांच्या गॅरेजात दुपारी दोन ते चार कुणी हातोडा उचलायचा नाही, असा नियम होता. ग्राइंडर बंद, कॉम्प्रेसर बंद, आणि ज्याला शिंक आवरत नाही त्याने सरळ रस्त्यावर जाऊन शिंकायचं. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, मालकांची झोपायची वेळ असणार. मालक तर टक्क जागे असत, दाराशी खुर्ची टाकून, ओठांवर बोट ठेवून. टायर ठेवायच्या मागच्या खोलीत त्यांची सून रेकॉर्डिंग करत असे, तिच्यासाठी हा सगळा बंदोबस्त.

सूनबाईचं काम पुस्तकांचं. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी पुस्तक वाचायचं, हिने ते रेकॉर्ड करायचं आणि मग बसून साफ करायचं. वाचणाऱ्याचं खाकरणं, जिभेची चटचट, खुर्चीची करकर, पानांची सळसळ, सगळं तांदळातल्या खड्यांसारखं वेचून बाहेर. सहा वर्षांपूर्वी ती नोकरी करत होती तो स्टुडिओ बंद पडला आणि ती घरी येऊन भिंतीकडे बघत बसली. उस्तादांनी ना काही विचारलं, ना समजूत घातली. चार दिवसांत टायर बाहेरच्या शेडमध्ये गेले, खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या गेल्या आणि दोन ते चारचा नियम लागू झाला. ज्याचं पोट हातोड्यावर, त्याने रोज दोन तास हातोडा खाली ठेवायचा, ही काही साधी गोष्ट नव्हे. माणसं सुनेला एक दागिना देतात आणि दहा जणांना सांगतात. यांनी शांतता दिली आणि कुणाला सांगितलं नाही. तिने दोन-तीनदा आभार मानून पाहिले. उस्ताद कानात करंगळी घालून हलवत आणि म्हणत, "जा, काम कर."

त्या गुरुवारी नियम मोडला तो घरच्याच माणसाने. तीन वाजून दहा मिनिटांनी उस्तादांची मुलगी धाडकन दार उघडून आत शिरली. ही शर्यतीची गाडी चालवायची. वय एकतीस, वेग दोनशे, पण घरात धाकटी म्हणून अजूनही बारकी. तिचा थोरला भाऊ, म्हणजे सूनबाईचा नवरा, मेकॅनिकच्या पोटी जन्माला येऊनही मागच्या सीटवर बसला की मळमळणारा. घरातलं सगळं पेट्रोल बारकीच्या वाट्याला आलं, असं उस्ताद म्हणत.

"वहिनी, गाडीत काहीतरी आहे," बारकी म्हणाली आणि बसायचं सोडून उभीच राहिली. "पाचव्या वळणावर टक् होतं. एकदाच. प्रत्येक फेरीत नाही, पण होतं."

"कसलं टक्?"

"ते कळलं असतं तर तुझ्याकडे आले असते का? सगळी गाडी खोलून बघितली. जॅकवर चढवली की मुकी. रस्त्यावर नेली की मुकी. फक्त तिथे, त्या वेगाला बोलते. आणि ऐकू येतं ते मला एकटीला. सगळे म्हणतात, भास आहे."

पाचवं वळण म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवरचं सगळ्यात वेगवान, लांबलचक डावं वळण, आणि त्याच्या उजव्या अंगाला काँक्रीटची भिंत. तिथे गाडीतलं काही तुटलं तर पुढचं बोलायला नको. रविवारी मोसमातली शेवटची शर्यत होती. उतरलं नाही तर वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार होती. बारकी उतरणार, हे सूनबाईला तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं. आवाज सापडला तरी उतरणार, नाही सापडला तरी उतरणार. म्हणजे रविवारच्या आत तो आवाज सापडायलाच हवा होता.

"बाबांना सांगितलंस?"

"कसं सांगू?"

खरंच, कसं सांगणार? उस्तादांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. तीन महिने ट्रॅकचं नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एरवी हे काम त्यांच्या हातचा मळ होतं. डोळे मिटून उभे राहायचे, गाडी समोरून गेली की सांगायचे, "दुसरा प्लग बदल." प्लग काढावा तर काळाकुट्ट. असे कान घरात असताना मुलगी आवाज शोधायला दारोदार फिरत होती.

"पोरी, माझं ऑपरेशन छातीचं झालंय, कानांचं नाही," दारातून आवाज आला. उस्ताद खुर्चीवरून उठून आले होते आणि सगळं ऐकून झालं होतं. "काय होतंय ते मला ऐकव."

"बाबा, तुम्ही ट्रॅकवर यायचं नाही."

"मी कुठे म्हणतोय येतो म्हणून?" त्यांनी सूनबाईकडे बघितलं. "ही कशासाठी आहे मग? ट्रॅक इकडे घेऊन ये."

शुक्रवारी सकाळी सूनबाई तीन पिशव्या भरून ट्रॅकवर हजर झाली. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत ती तिथे दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा कानात कापूस घालून. शर्यतीची गाडी तिने आतून प्रथमच पाहिली. आत गाडीपण असं काही नव्हतंच. ना गालिचा, ना मागची सीट. नुसता पत्रा, लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि त्यात एक खुर्ची.

तिथला मुख्य मेकॅनिक म्हणजे चौदा नंबर. चौदाचा पाना त्याच्या मागच्या खिशात कायम असे, म्हणून हे नाव. वयाने पन्नाशीचा, उस्तादांच्याच हाताखाली तयार झालेला. सूनबाईच्या पिशव्या बघून त्याने कपाळाला हात लावला.

"सूनबाई, गाडी आहे ही. लग्नाचा हॉल नाही."

"चौदाकाका, मला फक्त नळी दाखवा. जी अजिबात हलत नाही ती."

मग सुरू झाली नकटीच्या लग्नाची सतराशे विघ्नं. पहिला कॅमेरा चालकाच्या खांद्यामागे, पिंजऱ्याच्या नळीवर, म्हणजे समोरचा रस्ता आणि स्टिअरिंग दोन्ही दिसेल. क्लॅम्प लावला, इंजिन चालू केलं, तर चित्र थरथरा कापू लागलं, थंडीत आंघोळीला बसवलेल्या पोरासारखं. एका क्लॅम्पवर भागेना. दुसऱ्या नळीवरून तिरका टेकू दिला तेव्हा ते थांबलं. दुसरा कॅमेरा पायांशी, तीन पॅडल दिसतील असा. तो लावला तर बारकीची टाच त्याला लागू लागली. तो चार बोटं सरकवला. मग शर्यतीच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी प्रत्येक वस्तू धरून गदागदा ओढली आणि म्हणाल्या, "क्लॅम्प सुटला तर हा कॅमेरा हिच्या डोक्यात जाईल. दोरी बांधा." प्रत्येक कॅमेऱ्याला दोरी आली. एक वायर पॅडलच्या जवळून जात होती, ती त्यांनी स्वतःच्या हाताने उपटून सूनबाईच्या हातात ठेवली. सूनबाईला राग आला नाही. अनोळखी बाई आपल्या नणंदेच्या डोक्याची इतकी काळजी करते, हे बघून उलट बरंच वाटलं.

आवाजाचं त्याहून अवघड. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर तिचा भरवसा नव्हता. तो शहाणा आपल्या मनाने मोठा आवाज लहान करतो, लहान मोठा करतो, आणि शेवटी सगळं सारखंच. म्हणून वेगळा रेकॉर्डर आणला होता. तो स्पंजात गुंडाळून सीटच्या मागे पट्ट्याने बांधला. एक छोटा माइक चालकाच्या कानाजवळ, एक मागे डिकीत, त्यावर वाऱ्यासाठी लोकरीचा मोजा चढवलेला. मोजा नवऱ्याचा होता. एकाचं काम झालं, दुसरा आता बिनकामाचा, असं चौदा नंबर म्हणाला. पहिल्या फेरीत आवाज फाटला, तेव्हा तिने रेकॉर्डिंगची पातळी इतकी खाली आणली की उभ्या गाडीत काही ऐकूच येईना. दुसऱ्या वेळी जमलं.

सगळं चालू केल्यावर ती गाडीच्या पुढे गेली, कॅमेऱ्यासमोर हात धरले आणि एक सणसणीत टाळी वाजवली.

"हे काय? गाडीची दृष्ट काढताय?" चौदा नंबरने विचारलं.

"दोन कॅमेरे, एक रेकॉर्डर, तिघांची घड्याळं वेगळी. हात मिळालेले दिसतात तिथेच टाळी ऐकू आली पाहिजे. मग तिघं एका तालात."

चौदा नंबरला ते पटलं. पुढच्या वेळी टाळी त्यानेच वाजवली.

दुपारी सूनबाई घरी आली आणि दोन ते चार खोलीत बसली. बाहेर गॅरेज चिडीचूप. तिने टाळ्या जुळवल्या, बाविसाव्या मिनिटाला पाचवं वळण शोधलं, वारा कमी केला, घरघर कमी केली, आणि चार वाजता हेडफोन उस्तादांच्या कानांवर ठेवले. उस्तादांनी डोळे मिटले. पाच मिनिटं ते हलले नाहीत.

"फार सुंदर," शेवटी ते म्हणाले. "पण ही गाडी कुणाची?"

"म्हणजे? आपलीच."

"आपली अशी बोलत नाही. हिला कुणीतरी आंघोळ घातलीय."

सूनबाईचा चेहरा खर्रकन उतरला. जित्याची खोड! वाचणाऱ्यांच्या जिभेची चटचट काढायला तिच्याकडे एक सोय होती. बारीक टक् आला की ती आपोआप गिळून टाकायची. गेली सहा वर्षं ती रोज, न विचार करता, तेच बटण पहिलं दाबत आली होती. आजही दाबलं होतं. ज्या टक्साठी एवढा खटाटोप, तो टक् तिने स्वतःच्या हाताने, मन लावून, पुसून काढला होता. दुसरं कुणी असतं तर ती हसली असती. या क्षणी तिला फक्त बारकीची टाच आणि ती भिंत दिसत होती.

"बाबा, चुकलं माझं. मूळ रेकॉर्डिंग आहे. जसंच्या तसं आहे."

"मग रडतेस कशाला? लाव."

मूळ लावलं. त्यात गाडी खरी होती, पण इंजिन आणि वारा मिळून एवढे बोंबलत होते की टक् असला तरी गर्दीतल्या लहान मुलासारखा हरवलेला. दोनदा उस्तादांची भुवई हलली. "आहे. बारकी खोटं बोलत नाहीये. पण कुठून येतोय ते नाही कळत."

ते उठले. चालणं अजून जपूनच होतं. फळीवरून हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दुरुस्तीला आलेल्या एका गाडीचं इंजिन चालू करायला लावलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ सूनबाईसमोर धरली.

"कान लाव."

नऊ वर्षं त्या घरात राहून तिने हे कधी केलं नव्हतं. तिने मुठीला कान टेकवला आणि दचकली. बाहेरचं सगळं गॅरेज नाहीसं झालं. आत एकेक चीज वेगळी ऐकू येत होती. टोक हलवलं की दुसरीच खोली.

"हवेतला आवाज म्हणजे शेजाऱ्याने सांगितलेली बातमी," उस्ताद म्हणाले. "चार गोष्टी वर लावून. लोखंडातला म्हणजे घरच्या माणसाने सांगितलेली. तुझ्या त्या पेटाऱ्यात असं काही आहे का, जे लोखंडातून ऐकतं?"

होतं. वाद्यांच्या लाकडाला चिकटवायच्या नाण्याएवढ्या चार चकत्या तिच्याकडे होत्या. हवेतलं त्यांना काही ऐकू येत नाही. ज्याला चिकटल्या त्याचंच थरथरणं तेवढं कळतं. तीन वर्षांपूर्वी एका कामासाठी आणल्या आणि मग कपाटात पडून होत्या. तिने उस्तादांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊन जागेवर ठेवला. शाळा-कॉलेजात तिला आवाजाबद्दल पुष्कळांनी शिकवलं होतं. पण पाच मिनिटांत एवढं कुणीच दिलं नव्हतं, आणि तेही तिची एवढी मोठी चूक समोर पडलेली असताना, एका शब्दाने न टोचता.

शनिवारी सकाळी सरावाची शेवटची वेळ होती. सूनबाई गाडीखाली शिरली. होय, सूनबाई. चौदा नंबरने तिला आपला जुना डगला दिला आणि पाठीखालची चाकांची फळी दिली. चारी चाकांजवळ पत्रा घासून, पुसून, तिने एकेक चकती घट्ट चिकटवली आणि वायरी पट्ट्यांनी बांधून आत रेकॉर्डरपर्यंत नेल्या. तपासनीस बाईंनी पुन्हा सगळं ओढून पाहिलं आणि या वेळी काही उपटलं नाही. चौदा नंबरने टाळी वाजवली. बारकी सहा फेऱ्या मारून आली.

"चौथ्या आणि सहाव्या फेरीत," हेल्मेट काढत ती म्हणाली. "सहाव्यात मोठा."

मोठा, हा शब्द कुणालाच आवडला नाही.

ट्रॅकपासून घर तासाभरावर. सूनबाईच्या नवऱ्याने गाडी हाणली. स्वतः चालवताना त्याला मळमळत नसे, तेवढी एक सोय होती. बाराच्या ठोक्याला ती उस्तादांसमोर बसली, आणि या वेळी तिने एकही बटण दाबलं नाही.

पडद्यावर डावीकडे रस्ता, उजवीकडे बारकीचे पाय, खाली चार चकत्यांच्या चार रेघा. चौथी फेरी. पाचवं वळण. टक्.

इतका स्पष्ट, की नवरासुद्धा मागे सरकला.

"परत," उस्ताद म्हणाले. "पाय कुठे आहे?"

"ब्रेकवरून उचलला. ॲक्सिलरेटरवर अजून टेकला नाही."

"म्हणजे गाडीचा भार एका अंगावरून दुसऱ्यावर जातोय तेव्हा. परत."

सूनबाईने चारही रेघा ताणून मोठ्या केल्या. चारही चकत्यांनी टक् ऐकला होता, पण एकीने सगळ्यांच्या आधी. केसाएवढ्या आधी, पण आधी. आणि तिथली रेघ सगळ्यांत उंच होती. "उजवं मागचं चाक," ती म्हणाली. "बाबा, तिथूनच निघतोय. बाकीच्यांकडे नंतर पोचतोय."

"फक्त तेवढीच लाव."

तिने ती एकच लावली. टक्, आणि त्याच्या पाठोपाठ अगदी बारीक किर्र. उस्तादांनी ते तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"काय झालं, बाबा? छातीत दुखतंय का?"

"नाही." ते हात खाली करून म्हणाले, "फोन लाव चौदाला. आणि तो स्पीकरवर टाक. सगळ्यांना ऐकू दे."

चौदा नंबरने पहिल्या घंटीला उचलला.

"मागच्या उजव्या चाकाला धरणाऱ्या आर्मचं ब्रॅकेट," उस्ताद म्हणाले. "बॉडीला जिथे वेल्ड केलंय, तिथला रंग खरवड. आतल्या बाजूने. मग पहार लावून खालून जोर दे आणि बघ."

पलीकडे पाना फरशीवर पडल्याचा आवाज आला.

"ऐकलंस का?"

"ऐकलं, उस्ताद. पण..." चौदा नंबर अडखळला. "तो तर तुमचा जोड आहे. मागच्या हिवाळ्यात तुम्ही स्वतः केलेला."

"माहीत आहे."

"उस्ताद, आम्ही सगळी गाडी तपासली. नट न् नट. तो जोड नाही तपासला." त्याचा आवाज बारीक झाला. "तुमचा आहे म्हणून नाही तपासला. त्याच्याकडे बोट दाखवायचं कुणाच्या मनातच आलं नाही."

गॅरेजात शनिवारची दुपार होती, चार माणसं कामावर होती, आणि कुणीही न सांगता सगळ्यांचे हात थांबले होते. चाळीस वर्षं उस्तादांचा जोड म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बॉडी तुटेल पण जोड तुटणार नाही, असं गिऱ्हाइकं सांगत. सगळ्यांनी मिळून त्या माणसाला इतकं वर बसवलं होतं की त्याच्या हाताखाली काय चाललंय ते बघायला कुणी वाकलंच नव्हतं.

"मागच्या हिवाळ्यात मला दम लागत होता," उस्ताद म्हणाले. ते फोनशी बोलत होते, पण मान सगळ्यांकडे वळवून. "हात थरथरत होता. मी कुणाला बोललो नाही. तू म्हणालास, ‘उस्ताद, मी करतो.’ मी तुला म्हणालो, ‘मी अजून मेलो नाही.’ आठवतं?"

"आठवतं."

"चूक तुझी नाही. खरवड."

पंधरा मिनिटं गेली. ती सूनबाईने घड्याळाकडे न बघता मोजली. मग फोन वाजला. बारकीचा होता.

"बाबा, भेग आहे. केसासारखी. पहार लावली की उघडते, सोडली की मिटते. रंगाखाली दिसतच नव्हती." ती थांबली. "बाबा, अर्ध्याच्या वर तुटलंय."

उस्तादांनी डोळे मिटले. "चौदाला दे... चौदा, माझा जोड पूर्ण काप. त्यातलं काही ठेवायचं नाही. खालून नवी पट्टी घे, तू स्वतः वेल्ड कर आणि डावीकडचाही बघ. मग तपासनीसांना बोलवून दाखव. त्यांनी नाही म्हटलं तर गाडी उतरणार नाही."

"उस्ताद, तुमचा जोड मी कसा..."

"काप म्हटलं ना!"

चौदा नंबरने कापला. संध्याकाळी पाचला तपासनीस बाईंनी त्या नव्या जोडावर बॅटरी मारून, हातोडीने ठोकून, पुन्हा बॅटरी मारून, अखेर कागदावर सही केली, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

इकडे, दुपारी फोन ठेवल्यावर उस्ताद खुर्चीतच बसून होते. सूनबाई वायरी गुंडाळू लागली. सासऱ्याच्या हातची चूक सुनेने पकडावी, हे काही घरोघरी चांगलं दिसत नाही. तिला वाटलं, आता हे आपल्याकडे कधी पूर्वीसारखं बघतील का?

"सूनबाई, इकडे ये. बस."

ती बसली. उस्तादांनी दोन्ही हात जोडले. सरळ, तिच्यासमोर, चार माणसांच्या देखत.

"बाबा, हे काय! हात खाली करा आधी."

"नाही करत. चाळीस वर्षं या हातांना सगळ्यांनी नमस्कार केला. आज यांनी तुला करू दे. आवाज तू आणलास. तू नसतीस तर तो टक् मी रविवारी ऐकला असता, बातमीत." त्यांनी हात तसेच जोडून ठेवले. "माझी पोर तू वाचवलीस. मी तिला मारायला निघालो होतो आणि तू मला वाचवलंस. हे मी विसरणार नाही, आणि तुलाही विसरू देणार नाही."

सूनबाईला रडू कोसळलं. ते वाईट वाटल्याचं नव्हतंच. या घरात आपण कुणीतरी आहोत, हे तिला ठाऊक होतं, पण आज ते कुणीतरी मोठ्याने म्हणालं होतं. "मी फक्त चकत्या चिकटवल्या," ती कशीबशी म्हणाली. "ऐकायला तुम्ही शिकवलंत."

"बरं, दोघांनी मिळून केलं," तिचा नवरा म्हणाला, "आता कुणीतरी चहा करेल का?" आणि तो त्यालाच करावा लागला.

रविवारी उस्ताद ट्रॅकवर नव्हतेच, आणि त्यांना एकटं सोडायला नको म्हणून सूनबाईही घरी थांबली. शर्यत अठरा फेऱ्यांची. तेवढा वेळ उस्तादांनी एकच स्पॅनरचा संच सात वेळा पुसला. अखेर चौदा नंबरचा फोन आला. तो ओरडत होता म्हणून कळायला वेळ लागला. चौथी! बारकी चौथी आली होती, गाडी धड, माणूस धड.

दिवस मावळायच्या आत ट्रक गॅरेजच्या दाराशी लागला. बारकी उडी मारून उतरली. तोंड काजळीने माखलेलं, केस हेल्मेटने चपटे, आणि उतरता उतरताच बोलायला सुरुवात. चौदा नंबरने शर्यतीआधी चालू केलेला रेकॉर्डर सूनबाईने ट्रकवर चढून गाडीतून सोडवून आणला होता. तिने तो चालू केला, पाचवं वळण काढलं आणि हेडफोन उस्तादांपुढे धरले. "बाबा, ऐका. अठराही फेऱ्या जशाच्या तशा आहेत. हात लावलेला नाही."

उस्तादांनी हेडफोन घेतले, बाजूच्या टायरवर ठेवले आणि बारकीसमोर खुर्ची ओढली.

बारकी सांगत सुटली. सुरुवात कशी चुकली, निळ्या गाडीवाल्याने कसं दाबलं, तिसऱ्या वळणावर त्याला आतून कसं काढलं, हातवारे, आवाज, इंजिनाच्या नकला, सगळ्यासकट. थोडं खरं, थोडं वाढवलेलं. तिसरं वळण झालं, चौथं झालं, मग ती एकदम सहाव्यावर गेली.

"थांब," उस्ताद म्हणाले. "पाचवं राहिलं."

"पाचव्यावर काय? तिथे काहीच झालं नाही, बाबा."

"तेच सांग."

बारकीने वहिनीकडे बघितलं. वहिनीने मान हलवली. मग बारकी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली, हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि पाचव्या वळणावर काहीच कसं झालं नाही, ते पहिल्या फेरीपासून सांगू लागली.